पाणी मारणारे काका

चार वर्षांनी भेटत होतो. मे महिन्यातली दुपार. तामिळ लोक ज्याला कत्तिरी म्हणतात ते अग्निनक्षत्र चालू होतं. चेन्नई सेंट्रलवरून ऑटोने मी पश्चिम मांबलमला पोचले तेव्हा ओढणी पाठीला चिकटली होती. काकांनी दार उघडलं. हातातली बॅग घेतली नाही, 'ये' म्हणाले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी क्षणभर रेंगाळले आणि निकाल दिला, "हेअरलाइन आहेत. स्ट्रक्चरल नाहीत. काळजीचं कारण नाही."

सुरकुत्यांबद्दल इतकं धीर देणारं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. इतकं अपमानास्पदही नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. सिव्हिल इंजिनियर. १९७८ साली साताऱ्याहून नोकरीसाठी मद्रासला गेले. त्या गावाचं नाव १९९६ मध्ये चेन्नई झालं, पण ही बातमी काकांच्या जिभेपर्यंत अजून पोचलेली नाही. मैलापूरला एका तंजावूर मराठी घरात ते भाड्याने राहिले आणि पुढे घरमालकांच्या मुलीशी लग्न करून भाडं वाचवलं, असं आमच्या घरात अजून म्हणतात. काकूंचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला गेलेले. काकूंच्या मराठीत आपल्याकडे पुसले गेलेले शब्द आहेत, आणि वाद संपवायचा असला की एकच तामिळ शब्द आहे: 'पोदुम!' म्हणजे पुरे.

काकांनी जन्मभर पूल बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर बांधायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी माणसाची त्वचा हातात घेतली.

असे एकेक जण सगळ्यांच्याच घरी असतात. माझे एक मेव्हणे बँकेतून निवृत्त झाले; ते आता सत्यनारायणाच्या प्रसादाचासुद्धा ताळेबंद मांडतात. जन्मभराचा धंदा सुटत नाही, फक्त साइट बदलते.

सुरुवात झाली ती नडग्यांच्या खाजेपासून. बोअरचं जड पाणी, वय आणि दिवसातून तीनदा साबण. टी. नगरमधल्या त्वचारोगतज्ज्ञाने चार मिनिटं दिली आणि 'मॉइश्चरायझर लावा' म्हटलं. काकांनी विचारलं, "कुठलं? पाणी मारायचं की डागडुजीचं?" डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. काका तिथून उठले ते शेजारच्या मेडिकलमध्ये शिरले आणि एकेक बाटली उलटी करून वाचू लागले. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं. ते स्टूल अजून त्यांच्याच नावावर आहे.

त्या स्टुलावर बसून काकांनी जो सिद्धान्त काढला तो असा. बाजारातली सगळी सीरमं दोनच खात्यांत मोडतात: पाणीपुरवठा आणि बांधकाम. ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया ही पाणीपुरवठ्याची माणसं. पाणी ओढून आणतात, धरून ठेवतात. रेटिनॉल, पेप्टाइड आणि ते नवीन माशाचं प्रकरण, ज्याच्याकडे येतेच, ही सगळी बांधकाम खात्याची. जुनं पाडा, नवं उभारा, सळया बदला. "आणि कुठल्याही नगरपालिकेत होतं तेच तोंडावर होतं," काका म्हणतात. "एक खातं रस्ता करून जातं, दुसरं येऊन खणतं."

ज्या दिवशी त्यांना 'वीट आणि मॉर्टर' हे मॉडेल सापडलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर एलायस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ च्या सुमारास मांडलेली ही कल्पना. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे मॉर्टर. त्या मॉर्टरमध्ये वजनाने साधारण निम्मे सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल, बाकी फॅटी ॲसिडं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर माणूस! आणि वीटकाम कळलं त्याला! मिक्सचं प्रमाणसुद्धा दिलंय!" तो कागद त्यांनी आयएस ४५६ च्या शेजारी फाइल केला. आयएस ४५६ म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक. काकांच्या घरात पोथीच्या जागी तेच असतं.

त्यातून मग दोन ठरलेली वाक्यं आली. पहिलं, "आधी गळती शोधा." दुसरं, "पाणी मारून घ्या." ज्यांनी कधी घर बांधलंय त्यांना दुसरं वाक्य समजावून सांगायला नको. नव्या काँक्रीटला दिवसचे दिवस ओलं ठेवायचं, नाहीतर चिरा पडतात. काका हा नियम लग्नघरातल्या नवरीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना लावतात. अंघोळीनंतर अंग कोरडं करून मग क्रीम लावणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. "ओल्या भिंतीवर लाव! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हायलुरॉनिकला बाहेर पाणी मिळालं नाही तर ते खालच्या थरातलंच ओढतं." मग खिशातून हायग्रोमीटर काढतात. हे यंत्र त्यांच्या नोकरीतलं. हवेतला दमटपणा दाखवतं. मद्रासची हवा बाहेर इतकी ओली की पापड वाळत नाही, आणि एसी लावलेल्या खोलीत ओठ फुटतात. मार्गळीत, डिसेंबरच्या कचेरीच्या, म्हणजे संगीत मैफलींच्या मोसमात, एका सभेच्या थंडगार हॉलमध्ये त्यांनी ऐन आलापीत हायग्रोमीटर काढून शेजारच्या मामींना काटा दाखवला होता. मामींना वाटलं, ताल मोजतायत. त्यांनी मान डोलावली.

हायलुरॉनिक ॲसिड घरात आणायला मात्र काकांना फार कष्ट पडले. काकूंच्या घरात अंडं येत नाही. कांदा-लसणाचेसुद्धा वार ठरलेले. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "ॲसिड? तोंडाला?" काकांनी समजावलं की ॲसिड नावापुरतं, पोळत नाही, हायलॉस म्हणजे ग्रीकमध्ये काच. कोलंबिया विद्यापीठात १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी शोधलं. कशात शोधलं, हे विचारल्यावर काका खोकले. गुरांच्या डोळ्यांतल्या जेलीत शोधलं होतं. तो भाग त्यांनी गाळला. मग एका भाच्याने आगाऊपणा करून सांगितलं की पूर्वी हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. काकूंनी बाटली चिमटीत धरली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या. काका मागून ओरडले, "आता तसं नाही! आता जिवाणू आंबवून करतात!"

काकू थांबल्या. "आंबवून म्हणजे? इडलीसारखं?"

"अगदी इडलीसारखं."

बाटलीला न्हाणीघरातल्या फळीवर जागा मिळाली. आजही काकू त्याला 'इडलीवालं' म्हणतात.

२०१९ चा उन्हाळा मद्रासकर विसरणार नाहीत. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम, चारही तलाव आटले. जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. इमारतीत टँकरची वाट बघत माणसं पहाटे तीनला बादल्या मांडून बसत. त्या पाण्याच्या रांगेत उभं राहून काका हायलुरॉनिक ॲसिडवर बोलत होते. जाहिरातीत लिहितात की ते स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरतं. "धरेल हो! पण आणणार कुठून? सीरम म्हणजे टाकी. टाकी मोठी बांधली म्हणून नळाला पाणी येतं का?" २००३ साली तामिळनाडूत घरोघरी पावसाचं पाणी मुरवणं सक्तीचं झालं, तेव्हा इमारतीतले खड्डे याच माणसाने उभं राहून खणून घेतले होते. त्यामुळे रांगेतल्या कुणी 'गप्प बसा' म्हटलं नाही. तोंड धुवायला ते तेव्हा एक पेला पाणी घेत आणि धुतलेलं पाणी तुळशीला घालत. सीरम लावायला ओला चेहरा लागतो, हा नियम काही त्यांनी मोडला नाही.

आता ते माशाचं.

नात बंगळूरला शिकते. दिवाळीत आली ती एक गुलाबी ट्यूब घेऊन. काकांनी ट्यूब उलटी केली, चष्मा वर, आणि थबकले. घटकांच्या यादीत लिहिलं होतं: सोडियम डीएनए. बाजारात याला पीडीआरएन म्हणतात. सामन किंवा ट्राउट माशाच्या डीएनएचे तुकडे. जखमा भरायला इटलीत औषध म्हणून वापरात आलं, पुढे कोरियात त्याची चेहऱ्यावर घ्यायची इंजेक्शनं निघाली आणि आता ते ट्यूबमध्ये उतरलंय.

"सामन म्हणजे?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मासा." काका म्हणाले. आणि लगेच, "पण मासा नाही त्यात. माशाची... ब्लूप्रिंट आहे."

"ब्लूप्रिंट कुठून काढली?"

काकांची अवस्था बघण्यासारखी होती. समोर एकोणीस वर्षांची नात. ही ब्लूप्रिंट नराच्या शुक्रपेशींतून काढतात. काकांनी पाणी प्यायलं आणि इतिहासात शिरले. फ्रीडरिश मीशर नावाचा स्विस माणूस, १८६९ साली त्याने दवाखान्यातल्या बँडेजांवरच्या पुवातून हे द्रव्य प्रथम वेगळं केलं. पुढे बासलला गेल्यावर त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामनवर काम केलं, कारण त्याच्या... त्यात ते भरपूर असतं. "कशात?" काकूंनी विचारलं. नात म्हणाली, "आजी, स्पर्म." काकू म्हणाल्या, "पोदुम." ट्यूब बाल्कनीत, चपलांच्या स्टँडवर गेली. नात तिथेच उभी राहून तोंडाला लावायची, समोरच्या इमारतीला दिसेल अशी.

काकांना मात्र झोप लागेना. पाणीपुरवठा आणि बांधकाम यांचा मुकाबला त्यांना प्रथमच आमनेसामने मिळाला होता. आठवडाभराने मला फोन आला. "लिहून घे. हायलुरॉनिक म्हणजे टँकर. लगेच येतो, भिंत ओली दिसते, उद्या परत बोलवा. पीडीआरएन म्हणजे मुकादम. आतल्या गवंड्यांना, म्हणजे फायब्रोब्लास्टना, उठवतो. काम दिसायला आठवडे लागतात. कळलं?" कळलं म्हटलं. "पण मुकादम आत जाणार कसा? गेटवर पाचशेचा नियम आहे!" हा नियम काकांचा नव्हे. बोस आणि मेनार्डी या दोन डच संशोधकांनी २००० साली मांडला: पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू धड त्वचेतून आत शिरणं अवघड. ग्लिसरीन ब्याण्णव. निवांत जातं. नायसिनामाइड एकशे बावीस. रेटिनॉल दोनशे शहाऐंशी. हायलुरॉनिक लाखांत, पीडीआरएनही हजारो-लाखांत. "दोघेही गेटबाहेर! टँकर बाहेर उभा राहिला तरी निदान अंगण ओलं होतं. मुकादम बाहेर उभा राहून नुसत्या शिट्ट्या मारतोय!" म्हणूनच डॉक्टर ते सुईने आत सोडतात, हे त्यांनी पुढे जोडलं. स्वतः सुई घ्यायला ते तयार नव्हते. सुईला घाबरतात.

रेटिनॉलच्या बाबतीत ते घाबरले नाहीत, तेच चुकलं. दोनशे शहाऐंशी म्हणजे गेटपास असलेला माणूस, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात रोज रात्री थापलं. मद्रासचं ऊन, टोपी नाही, सनस्क्रीन म्हणजे 'बायकी प्रकार'. दहाव्या दिवशी काकांच्या चेहऱ्याला पोपडे आले, आपल्याकडे पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला येतात तसे. त्यात मंडळाचा गणपती. आरतीला काका काकूंची फुलाफुलांची छत्री घेऊन उभे, निरांजनाच्या उजेडात नाकावरचं प्लास्टर सुटताना दिसतंय, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगतायत, "सर्फेस प्रिपरेशन चालू आहे." त्यानंतर त्यांनी सनस्क्रीनला 'वॉटरप्रूफिंग' असं नाव दिलं आणि मग लावायला हरकत उरली नाही.

अठ्ठावीस दिवस हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत पवित्र आकडा. काँक्रीटचा क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फोडून ताकद मोजतात. आणि तरुण त्वचेचा वरचा थर साधारण अठ्ठावीस दिवसांत नवा होतो, हे वाचल्यावर त्यांना देवाच्या इंजिनियरिंगबद्दल शंका राहिली नाही. वय झाल्यावर हा काळ लांबतो असं मी म्हटलं, तर म्हणाले, "ब्लेंडेड सिमेंट. सावकाश पिकतं." मग प्रयोग: डाव्या हाताला ग्लिसरीन, उजव्याला महागडं हायलुरॉनिक, अठ्ठावीस दिवस, वहीत नोंदी. कुठल्या हाताला काय, हे त्यांनी मनगटावर मार्करने लिहून ठेवलं होतं. कत्तिरीच्या घामाने ते सोळाव्या दिवशी पुसलं गेलं. वहीत शेवटची नोंद आहे: 'दोन्ही बरे.'

या प्रयोगांना कंट्रोल सँपल म्हणजे काकू. अडुसष्ट वर्षं वय, मंगळवारी आणि शुक्रवारी नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल, डोक्यापासून पायापर्यंत. मग मुगाचं पीठ. बाकी काही नाही. चेहरा असा की भाजीवाला वयाचा अंदाज चुकवून कोथिंबीर फुकट घालतो. काका म्हणतात, "जुनं चुन्यातलं काम." लग्नाच्या वाढदिवसाला तर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की काकूंचं कपाळ म्हणजे मद्रास चुनाम. शिंपल्यांच्या चुन्याचा तो जुना गिलावा, घोटून घोटून संगमरवरासारखा चमकायचा. काकू लाजल्या. मग काका थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मिक्सही सांगितलं. त्यात तूप, दही आणि अंड्याचा पांढरा बलक घालत. 'पोदुम' रात्री जेवणापर्यंत चाललं.

काकांबरोबर ऑटोने सरदार पटेल रस्त्यावरून जाऊ नये. अड्यारच्या चर्मसंशोधन संस्थेपाशी ते ड्रायव्हरला थांबवतात. त्या संस्थेच्या सभागृहाचं नाव ट्रिपल हेलिक्स. कोलॅजनची ती तीन पेडांची वेणी मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडली, कांगारूच्या शेपटीच्या कंडरेवर क्ष-किरण सोडून. दर तिसरा मणी ग्लायसिनचा, कारण वेणीच्या आत दुसरा कुठला मावतच नाही. "ही सळई इथे, या गावात उलगडली!" काका मीटर चालू असताना सांगतात. "आणि तुम्ही पोरी कोलॅजन पावडर पाण्यात घालून पिता! सळया पचवून इमारत उभी राहते का?" ड्रायव्हर अण्णाला मराठी येत नाही. तो प्रत्येक वेळी 'आमा सार', म्हणजे 'हो साहेब', म्हणतो. काकांच्या मते तो एकटाच माणूस विषय समजून घेतो.

वैताग येतो, खोटं कशाला बोलू. त्यांच्या कपाटात त्रेचाळीस बाटल्या आहेत, मी मोजल्यात. लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा ते माणसांच्या कोपरांकडे बघतात. पण गणपतीत आरती झाली की मंडळातल्या बायका त्यांच्याभोवती गोळा होतात, मुलीसाठी विचारतात, सुनेसाठी विचारतात, आणि त्रेचाळीस बाटल्यांचा हा मालक प्रत्येकीला एकच चिठ्ठी देतो: ग्लिसरीन, ओल्या अंगावर, वरून व्हॅसलिन, उन्हात वॉटरप्रूफिंग. सगळ्यात स्वस्त तेवढंच. एका बाईंनी पीडीआरएनबद्दल विचारलं, तर म्हणाले, "भिंत पडली असेल तर गवंडी बोलवा. तुमची नुसती तहानलेली आहे."

आणि एक गोष्ट. त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या अम्मांचे हात फुटून रक्त यायचं. काकूंनी हळद लावून पाहिली, नातीने आपलं एक क्रीम दिलं. काका दोन दिवस मोरीपाशी स्टूल टाकून नुसते बसले आणि बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घासायची पावडर बदलली, रबरी हातमोजे आणले आणि मोरीच्या भिंतीवर खिळा ठोकून ते टांगले. हात महिन्याने बरे झाले. "आधी गळती शोधा," एवढंच म्हणाले. अठ्ठावीस दिवसांचा उल्लेखसुद्धा केला नाही, हे त्यांच्या मानाने फारच.

त्या मे महिन्यात मी चार दिवस राहिले. शेवटच्या रात्री पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत दिवा होता. काकू खुर्चीत, पाय परातीत, कोमट पाण्यात. खाली फरशीवर काका. एकेक पाय टिपून, ओलसर असतानाच व्हॅसलिन लावत होते, वर सुती मोजे चढवत होते. शेजारी वही उघडी होती आणि भिंतींच्या चिरा मोजायची ती पारदर्शक पट्टी, साइटवरची. टाचेवर पट्टी धरून काकांनी लिहिलं: 'उजवी, मागील बाजू, ०.४ मिमी. गेल्या महिन्यात ०.७.'

"गुदगुल्या होतात," काकू म्हणाल्या.

"हलू नकोस. रीडिंग चुकतं."

मांबलमला कधी त्यांच्याकडे गेलात, तर दाराशी उभं राहून तोंडावरचा घाम पुसू नका. काकांना नमुना मूळ स्थितीत लागतो.